बंद मशीनमध्ये घातलेला हात

घरी पाहुणा आला की तो आधी माझ्या हाताकडे बघतो, मग हातातल्या चहाच्या कपाकडे. कप मी उजव्या हातानंच देतो, मुद्दाम. त्या हाताची तर्जनी आता पेरभर उरली आहे. मधलं बोट आहे, पण जरा तिरकं, रुसल्यासारखं. थंडीत ते निळसर पडतं. पाहुण्याला विचारायचं असतं पण विचारवत नाही. मग मीच म्हणतो, "विचारा की. आता दुखत नाही."

आधी मी असं म्हणत नव्हतो. आधी हा हात खिशात असायचा. घरातसुद्धा.

ज्यांचा हात आत्ता बँडेजमध्ये आहे, किंवा ज्यांच्या घरातल्या कुणाचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांचे दोन्ही हात धड आहेत आणि जे रोज सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभे असतात, त्यांच्यासाठी तर जास्तच. मी मुळात बोलका माणूस नाही. माझी बायको सुनंदा म्हणते, "यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे आडातून घागर ओढणं." ती खोटं बोलत नाही. म्हणूनच यातली एक गोष्ट, जी हातापेक्षा जास्त दुखली, ती सांगायला मला इतका वेळ लागला.

आज मशीन सुट्टीवर

कुरुळीत आमची प्लॅस्टिकच्या भागांची कंपनी. मी मेंटेनन्सचा सुपरवायझर, शेडमधले सगळे मला अण्णा म्हणतात. साच्यातून भाग निघतो तेव्हा त्याच्यासोबत प्लॅस्टिकची एक फालतू दांडी पण निघते. ती फेकत नाहीत. ग्राइंडरमध्ये टाकून तिचा चुरा करतात आणि परत वापरतात. ग्राइंडर म्हणजे वर चौकोनी तोंड, आत फिरणारी पाती, बाजूला मोटार आणि तिचा पट्टा. घरातल्या मिक्सरचा थोरला भाऊ समजा.

त्यात अधूनमधून प्लॅस्टिकचा मोठा गोळा अडकतो. मोटार घूं घूं करते आणि थांबते. मग स्विच बंद करायचा, तोंड उघडायचं, हात घालून गोळा ओढायचा, की परत चालू. मशीन आलं तेव्हा त्याच्यासोबत एक लाकडी दांडकं आलं होतं, गोळा काढण्यासाठीच. आम्ही ते शेडच्या मागच्या दाराला अडसर म्हणून लावलं होतं. दांडक्यानं वेळ लागतो, हातानं पटकन होतं.

नवीन माणूस हात घालायला कचरला, तर मी त्याच्यासमोर स्वतःचा हात कोपरापर्यंत आत घालून दाखवायचो. "स्विच बंद आहे ना? मग हे नुसतं लोखंड आहे. लोखंड कधी चावतं का रे?" हे माझं वाक्य. माझी पाठ फिरली की पोरं माझ्या आवाजात ते म्हणून दाखवायची आणि खिदळायची. मला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

खंडेनवमीला सगळी मशीनं बंद. मेन स्विच खाली, फ्यूजसुद्धा काढलेले. वर्षातला तेवढा एकच दिवस शेडमध्ये चिमण्यांचा आवाज ऐकू येतो. मशीनं धुवायची, पुसायची, झेंडूचे हार घालायचे. मग शेठ येतात, पूजा होते, मशीनपुढे कोहळा कापतात, पेढे वाटतात. त्या वर्षी शेवटच्या शिफ्टला ग्राइंडरमध्ये गोळा अडकला होता. उद्या सुट्टीच, म्हणून पोरं तसाच सोडून गेली होती. पूजेच्या मशीनच्या पोटात घाण कशी ठेवायची? मी बाह्या सारल्या.

शेजारी भागवत हार बांधत होता. भागवत परभणीकडचा, माझ्याहून थोडा लहान, बायको आणि दोन मुलींना घेऊन कुरुळीतच एका खोलीत राहतो. तो त्या ग्राइंडरचा ऑपरेटर.

"अण्णा, राहू द्या की. मी काढतो."

"तू हार बांध. आज मशीन सुट्टीवर आहे आणि मी पण."

मी गोळा धरला. हलवला. बाहेर येईना म्हणून जोर लावला. गोळा सुटला, आणि ते बंद मशीन फिरलं. एकदाच. पाव फेरा असेल नसेल. धड आवाजही नाही, नुसतं 'खट्'. दुखलं नाही. हात बाहेर काढला तेव्हा वाटलं, कुणीतरी माझ्या हातावर कुंकवाचं पाणी सांडलंय.

दोन शब्द

भागवतनं डोक्याचा रुमाल सोडून माझ्या हाताला गुंडाळला आणि हात वर धरला. "वर ठिवा अण्णा, वरच ठिवा. खाली बघू नका. माझ्याकडं बघा." शेठ तेवढ्यात पोचले होते. त्यांनी मला स्वतःच्या गाडीत घातलं. मोशीच्या चौकात ट्रकांची रांग लागली होती. गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली, रुमाल भिजत चाललेला, आणि शेठ सारखं विचारत होते, "पण झालं कसं? अरे, झालं कसं?"

मी म्हणालो, "कुणीतरी स्विच टाकला."

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. फ्यूजचं डोक्यातच आलं नाही. बंद मशीन आपणहून फिरतं यावर माझा विश्वासच नव्हता. आयुष्यभर मीच लोकांना तसं सांगत आलो होतो.

"तिथं होतं कोण?"

"भागवत."

दोन वेळा तोंड उघडलं, दोन्ही वेळा वाईट उघडलं.

इकडे भागवत काय करत होता? तो ग्राइंडरमध्ये माझी बोटं शोधत होता. आधी पट्टा काढला, मग चुऱ्यातून एकेक तुकडा बघत. हॉस्पिटलला फोन लावून विचारलं, आणि तिथल्या नर्सनं सांगितलं तसं स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवून मोटारसायकलवर निघाला. बोट थेट बर्फात टाकायचं नसतं, ते त्यानं विचारून घेतलं म्हणून कळलं. वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. आमच्या गाडीच्या मागून निघून तो आमच्याआधी पोचला. मला स्ट्रेचरवर घेताना तो दारात उभा होता, छातीशी पिशवी धरून, देवाचा प्रसाद धरावा तशी.

बर्फाच्या देशातली गोष्ट

ऑपरेशन बराच वेळ चाललं. तर्जनी चेचली गेली होती, ती राहिली नाही. मधलं बोट जोडलं. दुसऱ्या दिवशी हाताच्या सर्जन मॅडम आल्या. पन्नाशीच्या, केस पांढरे, आवाज एकदम शाळेतल्या बाईंसारखा. पट्टी सोडून बघत होत्या. मी छताकडे बघत होतो.

"मशीन बंद होतं ना?" त्यांनी विचारलं.

मी छतावरचा पंखा बघत राहिलो.

"चालू असतं तर हाताचा चुरा झाला असता. हा एकच फटका आहे. अशा जखमा मी खूप बघितल्यात, पण इथे नाही." मग त्या पट्टी बांधता बांधता सांगायला लागल्या. बरीच वर्षं त्या एका थंड देशात होत्या. तिथे हिवाळ्यात दारापुढे बर्फ साचतो आणि तो उडवायला लोक घरोघरी मशीन ठेवतात. ओला बर्फ आतल्या पात्यात अडकतो. माणूस शहाणा असतो, मशीन बंद करतो आणि मगच हात घालतो. पण पट्टा अजून ताणलेलाच असतो, बेचकीचं रबर ओढून धरल्यासारखा. अडकलेला बर्फ सुटला की पातं एकदा उसळतं. "दर हिवाळ्यात यायचे. डॉक्टर, वकील, कोण कोण. सगळ्यांचं एकच पालुपद, मशीन तर बंद होतं हो. तिथे बर्फ, तुमच्याकडे काय अडकलं होतं?"

"प्लॅस्टिक."

"आणि बंद होतं?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. फ्यूज तर सकाळी कुणी यायच्या आधी मीच काढून खिडकीत ठेवले होते. भागवतनं स्विच टाकला असता तरी काही झालं नसतं. माझ्या त्या वाक्यानं माझं बोट घेतलं होतं. आणि हे मान्य करायचं म्हणजे सगळ्या शेडला सांगायचं, की तुमच्या अण्णानं तुम्हाला आजवर मरायला शिकवलं.

मी म्हणालो, "आठवत नाही."

सुनंदा पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होती. तिनं ग्लास ठेवला आणि बाहेर गेली.

गुलाबी

जोडलेलं बोट जगतंय का, हे बघायला नर्स सारखी यायची. बोटाच्या टोकावर दाबायची, सोडायची. पांढरं झालेलं टोक परत गुलाबी झालं, की "छान" म्हणून जायची. तेवढ्या एका शब्दावर मी पुढचा तास काढायचो. खोली उबदार ठेवायची म्हणून पंखा बंद. चहा बंद, कारण चहानं रक्तवाहिन्या आकसतात म्हणे. तंबाखूचं तर नावच नको. शेजारच्या पलंगावर भोसरीचे एक आजोबा होते, मनगट मोडलेले. ते माझ्यासमोर बशीत चहा ओतून फुर्र फुर्र करत प्यायचे आणि म्हणायचे, "तुमचं बोट व्हय, लहान लेकरू हाय. त्याच्या मर्जीनं घ्या." एकदा सकाळी बोट जांभळं दिसलं. पळापळ झाली, टाके सैल केले, हात उशीवर उंच ठेवला. दुपारी नर्सनं दाबलं, सोडलं, आणि "छान" म्हणायच्या आधीच आजोबा ओरडले, "गुलाबी! आरं, लेकरू जगलं!" सगळा वॉर्ड हसला. मीसुद्धा. भीतीच्या दिवसांत एवढं हसू पुरतं.

नसलेल्या तर्जनीला खाज यायची. खाजवायला गेलं की तिथे काहीच नाही. ज्यांना असं होतं त्यांनी घाबरू नये. वेड लागत नाही. कमी होतं.

भागवत रोज संध्याकाळी यायचा. स्टुलावर बसायचा, दोन्ही हात मांडीखाली दाबून. शेठनं त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला टाकलं होतं. शेडमधले त्याच्या हातून पाणीसुद्धा घेईनात. कुणी नुसतं 'खट्' असं म्हणायचं आणि बाकीचे गप्प व्हायचे. हे सगळं मला नंतर कळलं. तो स्वतः फक्त एकदाच बोलला.

"अण्णा, म्या लई आठवून बघितलं. म्या स्विचला हात लावल्याचं मला काई आठवंना. पर हार बांधताना लागला असंल धक्का. तुमी म्हणता म्हंजी लागलाच असंल."

माझ्या खोट्यावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता. मी तोंड भिंतीकडे केलं. त्याला वाटलं मला दुखतंय. त्यानं नर्सला बोलावलं.

थापायला शिका

घरी आल्यावर खरी लढाई सुरू झाली. दिघीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर खिडकीशी बसून राहायचो. शर्टाची बटणं सुनंदा लावायची, जेवण चमच्यानं. मी तिच्यावर चिडायचो, भाजीत मीठ जास्त, टीव्ही मोठा, काहीही कारण. ती ऐकून घ्यायची. फक्त एकदा म्हणाली, "हात मशीननं खाल्ला, जीभ का खाऊ देताय?"

टाके वाळल्यावर व्यायाम सुरू झाले. हॉस्पिटलमधल्या थेरपिस्ट मॅडम तरुण होत्या, पण कडक. बोट दुमडायला सांगायच्या आणि ते दुमडायचं नाही. लाकडासारखं. पिवळा स्पंज दाबायला दिला, तो मी घरी नेऊन कपाटात ठेवून दिला. दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "घरी भाकरी होते?"

"रोज."

"कोण करतं?"

"ही."

"उद्यापासून तुम्ही. पीठ मळायचं आणि थापायचं. स्पंज कपाटात जातो, भाकरी पोटात जाते. भूक लागली की कराल."

मी आयुष्यात परातीला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी भाकरी झाली तिला चंद्राचे डाग होते, आकार मात्र चंद्राचा नव्हता. सुनंदानं ती तव्यावर टाकली आणि हसून हसून ओट्याला टेकली. बऱ्याच दिवसांनी ती तशी हसली होती. मग रोज सकाळी आम्ही दोघं ओट्याशी. पीठ मळताना मधलं बोट आधी दुखायचं, मग जरा जरा वाकायचं. हळूहळू त्याला पिठाचा ओलावा कळायला लागला. आधी गार, मग मऊ. एके दिवशी पिठात एक खडा होता आणि तो मला त्या बोटाला लागला. मी ओरडलो, "खडा लागला!" सुनंदा म्हणाली, "अहो, चाळून घेतलंय."

"चाळलंस ते मरू दे, लागला!"

खडा लागल्याचा एवढा आनंद झालेला माणूस तिनं बघितला नसेल. ती पदरानं डोळे पुसत होती. मग सहज म्हणाली, "ज्वारी भागवतच्या गावची आहे. त्याच्या बायकोनं पोतंभर पाठवलीय. अण्णांच्या हाताला चांगली म्हणून."

माझे हात परातीत तसेच थांबले.

"सुनंदा, स्विच कुणीच टाकला नव्हता."

"माहितेय मला. ऑपरेशनच्या मॅडम बोलल्या तेव्हा मी दारात होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या तोंडून यायला पाहिजे होतं. माझ्या तोंडून आलं असतं तर तुम्ही उरला असतात का?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती टम्म फुगली होती. माझ्या हातची पहिली फुगलेली भाकरी. "खाऊन जा. तो पहिल्या शिफ्टला असतो, दुपारी घरी येतो."

दांडकं

कुरुळीतल्या त्याच्या खोलीच्या दारात मी उभा राहिलो तेव्हा भागवत मुलीची वेणी घालत होता. मला बघून वेणी अर्धीच सुटली.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. फ्यूज मी काढले होते, हॉस्पिटलात सर्जन मॅडमनी विचारलं तेव्हा मला कळलं होतं, आणि तरी मी गप्प राहिलो. तो ऐकत राहिला. मग त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा:

"म्हंजी म्या नव्हतो?"

"नव्हतास."

"नक्की?"

"तुझ्यामुळं हे मधलं बोट आहे भागवत. गेलं ते माझ्यामुळं गेलं."

तो खाली बसला. तोंडावर हात ठेवून रडला. थोड्या वेळानं चिडला. चिडायलाच हवं होतं. "अण्णा, माझ्या पोरीनं मला इचारलं, पप्पा तुम्ही कुणाचं बोट तोडलं? म्या तिला काय सांगायचं होतं? तुमी सांगा."  मी त्या पोरीसमोर बसलो आणि तिला म्हणालो, "पप्पांनी तोडलं नाही बाळा. पप्पांनी शोधून आणलं." तिनं माझं मधलं बोट धरून बघितलं. मला तिचा हात कळला.

कामावर परत रुजू झालो त्या दिवशी शेठना सांगून सगळी लाईन ग्राइंडरपुढे उभी केली. एक मोठा गोळा टाकून मशीन मुद्दाम अडकवलं. मोटार घूं घूं करून थांबली. स्विच बंद. मेन खाली. फ्यूज काढून मी शेठच्या खिशात टाकले.

"आता हे काय आहे?" मी विचारलं.

कुणीतरी मागून माझ्याच आवाजात म्हणालं, "नुसतं लोखंड!" सगळे हसले. मी पण हसलो.

मग एक जाड काकडी चिमट्यात धरून पात्यापाशी धरली. एका पोरानं मागच्या दाराचं दांडकं आणून दिलं, त्या दांडक्यानं मी गोळ्याला लांबून टेकू दिला आणि रेटा मारला. गोळा सुटला. खट्. काकडीचं टोक चुऱ्यात पडलं.

त्यानंतर कुणी हसलं नाही. मी माझा हात वर केला आणि बाकीचं सांगितलं. भागवतचं, फ्यूजचं, माझ्या वाक्याचं, सगळं, त्याच्यासमोर, शेठसमोर. इतका वेळ सलग मी लग्नातसुद्धा बोललो नव्हतो.  शेवटी म्हणालो, "लोखंड चावतं. बंद असलं तरी चावतं. आधी करंट तोडायचा, मग पट्टा सैल करायचा, मग दांडकं. हात कधीच नाही."

 शेठनी खिशातले फ्यूज काढून भागवतच्या हातात ठेवले. म्हणाले, "उद्यापासून मशीनवर. हे तुझ्याकडे." मग एकेक जण पुढे आला. कुणी भागवतच्या पाठीवर थाप मारली, कुणी मान खाली घातली. एकानं त्याच्याकडे पाण्याची बाटली मागितली, तहान नसताना. ते मला दिसलं.

त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये ग्राइंडरच्या तोंडात कुणाचा हात गेलेला नाही. एकाचाही नाही. हे लिहिताना माझी छाती फुगते, तर फुगू दे.

परवा खंडेनवमी झाली. सगळी मशीनं धुतली. ग्राइंडर रिकामा होता, पट्टा सैल होता. हार घातले, शेठनी कोहळा कापला. मग भागवतनं कोपऱ्यातलं दांडकं आणलं, धुऊन पुसलेलं, आणि ग्राइंडरच्याही आधी त्याला हळदकुंकू वाहिलं.  ताट घेऊन तो माझ्याकडे वळला.

"अण्णा, हात."

मी खिशातून नाही, समोरूनच हात पुढे केला. त्यानं मधल्या बोटाला हळद लावली, कुंकू लावलं. मग माझ्या पेरभर उरलेल्या तर्जनीकडे बघून म्हणाला, "ही बी हाय की. हिनं तर सगळ्या शेडला शिकीवलं." आणि तिच्यावर जरा जास्तच कुंकू थापलं.

घरी गेलो तर सुनंदा दारात घाबरली. "अहो, हे काय, रक्त?"

"नाही," मी म्हणालो. "वास घेऊन बघ."